सुरुंग पाहायला जाताना

कोलकात्याच्या थंडीला थंडी म्हणायला पुण्याच्या माणसाची जीभ रेटत नाही. एक शाल ओढली की भागतं. पण इथे कालीपूजा आटोपली रे आटोपली की ट्रंकांतून माकडटोप्या बाहेर पडतात, धडधाकट पुरुष गळ्याभोवती मफलर आवळून ट्रामची वाट बघतात आणि जो तो दुसऱ्याला सर्दीची भीती घालतो. आमच्या लहानपणी संध्याकाळी कोळशाच्या शेगड्यांचा धूर वर जात नसे. तो गल्लीतच छातीइतक्या उंचीवर पसरून राही, आणि समोरून येणारा ओळखीचा की अनोळखी हे तो अगदी जवळ आल्यावरच कळे. मला हा ऋतू आवडतो. त्याच्यावर माझा विश्वास मात्र नाही.

यंदा थंडी पडली आणि तिच्या मागोमाग पुण्याहून माझा भाचा मिलिंद आणि त्याची बायको आली. इथे येणारे सगळे पाहतात ते सगळं दोन दिवसांत पाहून झालं. मग मिलिंद म्हणाला, "मावशी, इथून जवळच कुठेतरी जमिनीखालचं जुनं बांधकाम आहे ना? हजार वर्षांपूर्वीचं? तिकडे कसं जायचं?"

मी सांगितलं. सियालदहहून सकाळची गाडी पकड. त्या वेळी सगळं जग कोलकात्यात येत असतं, त्यामुळे बाहेर जाणाऱ्या गाडीत जागा मिळते. फलाटावर कोणी आपणहून "हीच गाडी" म्हणून सांगायला आला तर आणखी दोघांना विचारून घे. नवे बूट घालू नकोस. उपाशीपोटी आत उतरू नकोस. टेकाडापाशी जो पहिला माणूस "मी दाखवतो" म्हणेल त्याला नको म्हण, दुसऱ्याला हो म्हण. पावसाळ्यानंतर आत बरेच दिवस पाणी मुरलेलं असतं, म्हणून जायचं ते थंडीतच. "आणि एक. तिथे 'भुयार कुठे आहे' असं विचारशील तर कोणाला कळायचं नाही. 'शुडोंगो' म्हण."

"सुरुंग?" मिलिंद हसला. "मावशी, आम्हाला उडवायचा बेत आहे की काय तुझा?"

त्याची बायकोही हसली. त्यांचं काही चुकलं नाही. मराठी माणसाला सुरुंग म्हणजे खडक फोडायची दारू, दुसरं काही ठाऊकच नसतं. बंगाल्याला तोच शब्द म्हणजे भुयार. आईबाप एकच, पण दोन गावांत वाढलेल्या भावंडांसारखे असे पुष्कळ शब्द आहेत. मी मात्र हसले नाही, आणि मिलिंदला वाटलं मला ऐकू आलं नाही.

स्वातंत्र्याला दोनएक वर्षं झाली असतील. आम्ही बालीगंजला एका दुमजली घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. बाबा हिशेब तपासणीच्या सरकारी खात्यात होते. समोरचं सगळं खोटं आहे असं धरून सुरुवात करायची आणि खरं निघालं तर थोडं हिरमुसायचं, असं ते काम. ते बाबांच्या स्वभावाला मानवलं होतं, की कामामुळेच स्वभाव तसा झाला होता, देव जाणे. दूधवाल्याने दूध घातलं की बाबा त्यात बोट बुडवून भिंतीवर थेंब ओढून बघत. ट्रामचा कंडक्टर हसून बोलला की खिसा चाचपत. "विश्वास पानिपतावरच मेला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बंगाली ते शिकले नाहीत. आज ना उद्या बदली होणारच, मग शिकून करायचं काय, असं म्हणत वर्षांमागून वर्षं गेली. ऑफिसात इंग्रजी, बाजारात मोडकीतोडकी हिंदी, घरात मराठी. त्यामुळे जिन्यात, गल्लीत, मासळीबाजारात चोवीस तास काहीतरी बोललं जात होतं आणि ते आपल्याचबद्दल असावं, असा संशय घ्यायला त्यांना पुरेपूर वाव होता.

माझं नेमकं उलट. मी इथे आले ती बोबडं बोलायच्या वयात. शाळा बंगाली, मैत्रिणी बंगाली. माझी मराठी म्हणजे आईने घरात लावलेली आणि बाहेर पडल्याबरोबर विसकटणारी वेणी. मी पाणी 'पीत' नसे, 'खात' असे. खालच्या मजल्यावरच्या महीतोषबाबूंना मी महीतोषकाकू म्हणे, कारण बंगालीत काका हा काकू असतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची यावर हसून हसून मुरकुंडी वळे.

महीतोषकाकू मुलांच्या शाळेत इतिहास शिकवत. मला बंगाली व्याकरण त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं की तुमच्या मुलीला मी चांगली 'शिक्खा' देईन. आई मला पाठीशी घालून उभी राहिली. मग कळलं की बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. त्या दिवशी सगळे हसलो. पण असं शहाणपण एका शब्दापुरतंच येतं. पुढच्या शब्दाला माणूस पुन्हा कोराच.

त्यांच्या घरात इन मिन दोघं. ते आणि त्यांची धाकटी बहीण बुला. ती सोळाएक वर्षांची असेल. मी तिला बुलादी म्हणे. आईवडील नव्हते. इंग्रजांच्या वेळी महीतोषकाकू तुरुंगात होते, तेव्हा बुलादी सियालदहला मामाकडे राहिली होती. तिथे काय झालं ते ती कधी सांगत नसे. माझ्या केसांना तेल लावता लावता एवढंच म्हणे, "दादाला पुन्हा नेलं तरी मी त्या घरी जाणार नाही."

"मग कुठे जाशील?" मी विचारी.

तिचा हात माझ्या डोक्यावर नुसता थांबून राही. गल्लीत जीप थांबल्याचा आवाज आला तरी तो तसाच थांबे. आणि जिपा त्या वर्षी फार येत. स्वराज्य आलं होतं, पण माणसं धरणं थांबलं नव्हतं. कुठे ट्रामवर बॉम्ब पडे, की दुसऱ्या दिवशी डाव्या विचारांच्या लोकांना उचलत. विचार डावे आहेत असा नुसता संशय असला तरी पुरे. खटला नाही, साक्षीपुरावा नाही. जो एकदा आत जाऊन आला आहे, त्याच्यावर पहिली नजर.

अशा दिवसांत एका संध्याकाळी जेवताना मी बाबांना विचारलं, "बाबा, रविवारी महीतोषकाकूंबरोबर सुरुंग बघायला जाऊ?"

बाबांचा घास हातातच राहिला. "काय बघायला?"

"सुरुंग. जमिनीत पुरलेला होता. कोणाला माहीतच नव्हता. तळं खणताना सापडला."

"कुठे?"

"सियालदहहून गाडीने जायचं. काकूंचे विद्यार्थी पण येणारेत. तिथे बत्ती लागते. ती काकूंनी आणून ठेवलीय."

"आणि त्यात तू जाणार?"

"बुलादी म्हणाली, भ्यायचं नाही. फक्त डोकं सांभाळायचं."

आईला जोराचा ठसका लागला. बाबांनी तांब्यातलं पाणी तिच्यापुढे केलं आणि तिलाच नजरेने गप्प केलं. आज हे संभाषण आठवलं की मला त्यातला एकही शब्द बदलता येत नाही. मी बोलत होते ते खरं होतं आणि बाबा ऐकत होते तेही मराठीच होतं. ध चा मा करायला इथे कोणी कारस्थानी माणूसही लागला नाही. बाबांच्या गावी विहिरी खणताना सुरुंग लावत. बत्ती दिली की माणसं लांब पळून मान खाली घालून बसत. एकदा उडाला नाही म्हणून बघायला गेलेल्या त्यांच्या सख्ख्या चुलत्याचा हात त्यात गेला होता. हा शब्द बाबांनी कोशात वाचलेला नव्हता, घरात पाहिलेला होता.

"डबाबिबा आहे का काही?" थोड्या वेळाने बाबांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

"आहे ना. कार्बाइडचा. बुलादीने पलंगाखाली ठेवलाय. ओल लागू द्यायची नसते."

"बरं. कोणाजवळ बोलू नकोस. आणि उद्यापासून खाली जायचं नाही."

मला कारण कळलं नाही, पण त्या काळी कारण विचारायची पद्धत नव्हती.

मग जे दिवस गेले त्यांचा वास अजून माझ्या नाकात आहे. कार्बाइडला ओली हवा लागली की सडक्या लसणीसारखा वास येतो. फेरीवाले त्याचे दिवे गाड्यांवर लावत, तेव्हा तो वास आम्हाला नवा नव्हता. पण आता तो जिन्यातून वर आला की आई खिडकी लावून घेई. बाबा ऑफिसातून आले की जिन्याच्या वळणावर बुटाचा बंद बांधत उभे राहत. बंद सुटलेला नसे. खाली महीतोषकाकू आपल्या विद्यार्थ्यांना बजावत असत, "शुडोंगे बाती लागबे. दोडी लागबे." भुयारात दिवा लागेल, दोरी लागेल. बाबांना दोरीचं वेटोळं दिसत होतं आणि बाती ऐकू येत होती. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतंच. आता ते कुठे मुरतंय तेही कळलं, असा एक विचित्र उत्साह त्यांच्या चालण्यात आला होता. मला तो आवडला नाही.

खजुराच्या ताज्या गुळाची ढेप बंगालात थंडीतच मिळते. बुलादी दरवर्षी एक वर आणून देई. तिने ती त्या आठवड्यातही आणली. आईने दोन्ही हातांनी घेतली, बसायला सांगितलं नाही. गूळ फळीवर गेला. "कशात काय असेल, कोण जाणे," असं आई पुटपुटली, आणि मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून तिने भांडी आपटली. बुलादी दारात थोडा वेळ उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, पण न बसवलेल्या माणसाला भाषा लागत नाही. "शोरोजू की असुस्थ?" तिने विचारलं. शरयू आजारी आहे का? मी आतल्या खोलीत होते, ठणठणीत होते, आणि आई मान हलवून हो म्हणाली.

गुरुवारी बाबा ऑफिसातून बऱ्याच उशिरा आले. कुठे होता, असं आईने विचारलं नाही. तिने कधी नव्हे ते विचारलं नाही, हेच माझ्या लक्षात राहिलं.

शनिवारी बेहाल्याहून थत्तेकाका आले. ते वकील. त्यांचे आजोबा कधीतरी इकडे आले आणि इथलेच झाले. थत्तेकाका मराठी बोलत ते नीट आठवून आठवून, बंगाली मात्र झोपेतही. बाबांनी दार लावून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. सुरुंग, बाती, दोरी, डबा, विद्यार्थी, पूर्वीचा तुरुंगवास. थत्तेकाका आधी गंभीर होऊन ऐकत होते. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"अहो, ते भुयार हो! भुयार! बंगालीत सुरुंग म्हणजे भुयार. आणि बाती म्हणजे दिवा. भुयारात दिवा लागणार नाही तर काय लागणार? साप साप म्हणून भुई धोपटत बसलात की!"

"नक्की?" बाबा म्हणाले.

"म्हणजे काय?"

"नक्की ना पण?"

बाबांचा चेहरा मला समोरून दिसत होता. माणसाची चूक सुखरूप निघाली की त्याला हायसं वाटतं, तो स्वतःवर हसतो. बाबा हसले नाहीत. थत्तेकाका चहा पिऊन गेल्यावर त्यांनी खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडले. परत आले ते एकेक पायरी सावकाश चढत. आईला एवढंच म्हणाले, "उद्या आपण सगळेच जाऊ. त्यांना सांग."

रविवारी आम्ही सगळेच गेलो. सियालदहच्या फलाटावर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं ट्रंकांच्या भिंती करून राहत होती. त्यांच्या अंथरुणांना पाय लागू न देता चालायचं, हा त्या प्रवासातला पहिला अवघड भाग. मग गाडी, मग बैलगाडी, मग कापणी झालेल्या शेतांच्या बांधावरून पायी. महीतोषकाकूंचा उत्साह लग्नघरातल्यासारखा. थंडीत साप सुस्त असतात, पण हात टेकताना आधी बघा. आधी दिवा दोरीने आत सोडायचा, ज्योत बारीक झाली तर हवा वाईट, उतरायचं नाही. पाणी बाहेरच प्या. आईने नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला आणि पहिल्या झटक्यात आत उतरली. बुलादी मात्र पायघोळ साडीत अडखळत होती. आईनेच तिला हात दिला. आठवड्यानंतर पहिल्यांदा दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

आत उबदार होतं. ते कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर बोटं गारठत होती आणि खाली, पातळ पसरट विटांच्या त्या बोळात, कोणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी ऊब होती. दोन्ही बाजूंना माणूस बसेल एवढे कोनाडे. इथे भिक्खू बसत असावेत, असं महीतोषकाकू म्हणाले, आणि 'असावेत'वर त्यांनी जोर दिला. एका विटेवर कुत्र्याचं पाऊल उमटलेलं होतं. वीट ओली असताना एखादं कुत्रं तिच्यावरून पळालं असणार. त्यांनी दिवा जवळ धरला आणि सगळ्यांनी पाळीपाळीने त्या खळग्यात बोट घातलं.

"हे खरंच इतकं जुनं आहे कशावरून?" बाबांनी इंग्रजीत विचारलं. तिथेसुद्धा.

"संशय घ्या, केळकरबाबू, जरूर घ्या," महीतोषकाकू आनंदाने म्हणाले. "इतिहासाचं पोट त्याच्यावरच चालतं."

वर येऊन मुरमुरे खात बसलो, तेव्हा बाबांनी ती गोष्ट स्वतःच सांगितली. इंग्रजीत, थांबत थांबत. विद्यार्थी गवतावर लोळले. महीतोषकाकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बॉम्ब! मी! मला फटाका लावता येत नाही हो!" हसली नाही ती एकटी बुलादी. हसू ओसरल्यावर तिने बाबांना हळूच हिंदीत विचारलं, "किसी को बताया तो नहीं?"

"किसी को नहीं," बाबा म्हणाले. लगेच म्हणाले.

मिलिंद काल संध्याकाळी परत आला. तिथे आता कठडा आहे, तिकीट आहे, आत विजेचे दिवे आहेत, पुरातत्त्वाचा निळा फलक आहे. पावलाच्या विटेवर काच बसवली आहे. "काही खास नाही ग मावशी," तो म्हणाला. "दहा मिनिटांत बघून होतं. तू एवढ्या सूचना कशाला दिल्यास?" मी त्याला गरम पाणी काढून दिलं.

त्या वर्षीच्या थंडीत, संक्रांतीच्या सुमाराला जीप आमच्याच दारात थांबली. चांगली सकाळ होती. उन्हात लोकांनी रजया वाळत घातल्या होत्या. आम्ही जिन्यात आलो. खालचं दार सताड उघडं होतं. महीतोषकाकूंच्या घरात भिंतभर पुस्तकं होती, कपाट होतं, शाळेच्या पेपरांचे गठ्ठे होते. त्यांपैकी कशालाही कोणी हात लावला नाही. एक शिपाई सरळ पलंगापाशी गेला, वाकला आणि डबा ओढून काढला.

मी बाबांकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. बाबा जिन्याच्या कठड्याकडे बघत होते. बुलादी आमच्याकडे, वर, बघत होती.

तो डबा कशाचा हे महीतोषकाकूंनी अधिकाऱ्याला समजावून सांगितलं. अधिकारी बंगालीच होता, त्याला शुडोंगो म्हणजे काय ते कळत होतं. तो हो हो म्हणाला आणि त्यांना घेऊन गेला. संशयावरून नेलेल्या माणसाला संशय फिटला म्हणून कोणी सोडत नाही. जाताना ते आईला म्हणाले, "बौदी, बुलाके देखबेन." वहिनी, बुलाकडे बघा. त्यांना सोडलं ते दीडएक वर्षाने. केस पिकले होते आणि शाळेने दुसरा मास्तर नेमला होता.

मधल्या काळात बुलादी आमच्याकडे राहिली. आई त्याच दिवशी खाली गेली आणि तिचं अंथरूण स्वतः काखेत मारून वर घेऊन आली. कोणाला विचारलं नाही. बाबांशी तर ती त्यानंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. बाबा जेवायला खाली मान घालून बसत. मी सारखी त्यांच्यावर नजर ठेवून असे. गुरुवारी कुठे होतात? शनिवारी कोट घालून कुठे गेलात? जे गेलात ते सांगायला, की सांगितलेलं परत घ्यायला? मी हे कधीच विचारलं नाही. पण माणसाकडे कसं बघायचं ते मला त्यांनीच शिकवलं होतं. दुसऱ्या कोणीही सांगितलं असेल. विद्यार्थ्यांपैकी एखादा, गल्लीतला एखादा, खुद्द सियालदहचा मामासुद्धा. असं मी स्वतःला अजून सांगते, आणि माझं मलाच ते पटत नाही.

उन्हाळा लागला तेव्हा बाबांनी एके दिवशी बुलादीला विचारलं, मला बंगाली शिकवशील का? इतक्या वर्षांनी. ती हो म्हणाली. रोज संध्याकाळी दिवेलागणीला दोघं चटईवर बसत. बाबा प्रत्येक शब्दाला अडवत. "हा मराठीत आहे. अर्थ तोच का? नक्की?" ती शांतपणे सांगे. ती वाक्य म्हणे, बाबा मागून म्हणत. ट्राम येत आहे. आज बाजारात इलिश मासा आलेला नाही. माझी मुलगी शाळेत जाते.

एका संध्याकाळी बुलादीने आवाज न बदलता पुढचं वाक्य दिलं. "आमि काउके किछु बोलिनि." आणि माझ्याकडे न बघता मला म्हणाली, "शोरोजू, बाबांना मराठीत सांग."

"मी कोणाला काही सांगितलं नाही," मी म्हटलं.

"आमि," बाबा म्हणाले. "आमि काउके..."

पुढे त्यांना येईना. ते चटईच्या काड्या मोजल्यासारखे खाली बघत राहिले. बुलादीने वाक्य पुन्हा एकदा सावकाश म्हणून दाखवलं. बाबांनी ओठ उघडले आणि मिटले.

मग ती उठली, पदर खोचला आणि आत जाऊन आईजवळ पोळ्या लाटायला बसली. जायला तिला दुसरीकडे कुठे नव्हतंच.